गाभा सरकला होता

सॅगिनॉ, मिशिगन. फेब्रुवारी.
शटर अर्धं खाली, आत हीटर घुरघुरतोय,
आणि लाकडी ठोकळ्यांवर शेजारी शेजारी
दोन ब्लॉक, उघडेनागडे,
दाखवायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखे.

डावीकडचा व्हर्लिनच्या गाडीचा, जन्मापासूनचा.
एकोणीसशे एकोणसत्तर. पुढच्या कडेवर ठोकलेला नंबर
गाडीच्या कागदाशी अंक न् अंक जुळतो.
पत्रिका जुळली, मी मनात म्हटलं.
उजवीकडचा खडी वाहणाऱ्या ट्रकमधून उपसलेला,
अडीचशे डॉलर, गंजाचे पापुद्रे फुकट.

शिरोलीच्या फाउंड्रीत आमचे मिस्त्री
कास्टिंग हातोडीनं वाजवून घ्यायचे,
बाजारात माठ घेतात तसं.
मीही दोन्ही वाजवले.
व्हर्लिनचा पितळी तांब्यासारखा खणखणला.
ट्रकचाही वाजला, पण खालच्या पट्टीत,
झोपमोड झालेल्या माणसासारखा.
व्हर्लिन हसला. त्याच्या मते लग्न ठरलं.

मग सोनिक टेस्टर, जेलचा थेंब,
एकेक सिलिंडर, चारी अंगांनी, वर-मध्ये-खाली.
आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहीत गेलो,
इंचाचे हजारावे भाग.
एकशे ऐंशी. एकशे बहात्तर. एकशे पंच्याऐंशी.
सहाव्यात, पिस्टन रेलतो त्या बाजूला,
ब्याण्णव.
पुसून पुन्हा लावलं.
ब्याण्णव.

गाभा सरकला होता.
पंचावन्न वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा रात्रपाळीत
कुणीतरी वाळूचा गाभा साच्यात बसवताना
केसभर इकडे ठेवला.
घाई असेल, किंवा शिंक आली असेल.
वितळलेलं लोखंड जागा मिळेल तिथे गेलं,
एका भिंतीला जास्त, एकीला कमी,
आणि थंड झाल्यावर कुणाला काही दिसलं नाही.
रोजच्या फिरण्याला तेवढंही पुरतं.
पुरलंच की, लाखभर मैल.

पण वर सुपरचार्जर बसणार.
तो हवा देत नाही, कोंबतो.
आणि बोअर तीसनं वाढवायचा,
म्हणजे प्रत्येक अंगाचे पंधरा गेले.
उरले सत्त्याहत्तर.
खिशातलं पाच सेंटचं नाणं काढून
मी व्हर्लिनच्या तळहातावर ठेवलं.
एवढी जाडी, म्हटलं.
अलीकडे आग, पलीकडे पाणी.

ट्रकच्या ब्लॉकात सगळीकडे दोनशेच्या वर.
मेन कॅपना चार-चार बोल्ट.
रूप नाही. नंबर जुळतो तो
भंगारात गेलेल्या कुठल्याशा ट्रकशी.

तो बराच वेळ नाणं बोटांत फिरवत राहिला.
"पण वाजला किती छान."
पातळ भांडंही छान वाजतं, व्हर्लिन.

शेवटी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर
पेन्सिल आडवी धरून त्यानं नंबरचा ठसा घेतला,
लहान मुलं नाण्याचा घेतात तसा,
आणि घडी करून कागद गाडीच्या कप्प्यात ठेवला.
जुना ब्लॉक ग्रीस फासून, ताडपत्रीत, माझ्याच जिन्याखाली.
"विकू नकोस," म्हणाला. भाड्याचं काही बोलला नाही.

ट्रकचा मी क्रेनला लावला.
उचलताना साखळी कुरकुरली.
नाणं मात्र त्यानं परत दिलं नाही.