डावीकडचे घोडे

आमची गाडी जपानहून आलेली, तिसऱ्या हातची.
स्टिअरिंग उजवीकडे, आणि आमच्याकडे रस्ताही उजव्या बाजूनेच,
म्हणून पुढचा ट्रक ओलांडायचा तर मैरामबेकला काही दिसत नाही.
डावीकडे बसून मी सांगते: थांब. थांब. आता जा.
अकरा वर्षांच्या संसारात त्याने माझं एवढं एकच निमूट ऐकलंय.

नारिनच्या पलीकडच्या गावातून पहाटे चारला निघालो.
डिकीत नणंदेसाठी सायीचा डबा,
मागे पोरं, ब्लँकेट, तळलेल्या बोरसोकची पिशवी,
आणि माझ्या पर्समध्ये शाळेतल्या बाईंची चिठ्ठी:
सादात फळ्यावरचं लिहीत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवते.
बिश्केकला नेऊन डोळे दाखवा.

दोलोनच्या घाटात कानांना दडे बसले.
मी एकेकाच्या तोंडात कुरुतचा खारट खडा दिला,
आणि उजाडलं तसा त्यांचा खेळ सुरू झाला.
नियम इल्गिझचे, वय वर्षं पाच.
डावीकडचे घोडे ताईचे, उजवीकडचे त्याचे,
पांढरा दिसला तर पाच धरायचे,
आणि आपल्या बाजूला कब्रस्तान लागलं
की सगळे घोडे मेले, पुन्हा शून्य.

कोचकोरपर्यंत त्याचे एकतीस, हिचे चार.
ते चारही रस्त्यात आडवे उभे,
हॉर्न वाजवून हाकलावे लागलेले.
मला वाटलं, धाकट्याला जिंकू देतेय. गुणाची पोर.
मैरामबेकला तसं म्हटलंही,
आणि मनातल्या मनात थोडं श्रेय स्वतःकडे घेतलं.

बालिक्चीला धुरी दिलेले मासे घेतले.
बूमच्या खिंडीत इल्गिझ ओकला, माझ्या नव्या बुटांवर.
शहर कधी येणार, शहर कधी येणार,
आणि आलं तेव्हा तो तोंड उघडं टाकून झोपला होता.
उठला तो नणंदेच्या नवव्या मजल्यावर, भोकाड पसरून:
मला न दाखवता संपवलंत!
रात्री दहाला मैरामबेकने पुन्हा गाडी काढली,
मोठ्या चौकाला दोन फेऱ्या मारल्या. हे घे तुझं शहर.

दवाखान्यात तक्त्याच्या वरच्या ओळीत दोनच अक्षरं, ताटाएवढी.
ती तिने वाचली.
मग माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या दिशेने.
उणे साडेचार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?
मी पर्सची चेन उघडली, लावली.
पोरांना डोळ्यांत तेल घालून वाढवलं, असं मी सासूला ऐकवत आले.
समोरून येणारा ट्रक मला दोन वळणं आधी कळतो.
ती माझ्याच पाठीमागच्या सीटवर होती.

चष्मा तिसऱ्या दिवशी मिळाला. निळ्या काड्यांचा.
दुकानाबाहेरच्या पॉपलरखाली ती मान वर करून उभीच राहिली.
"पानं सुटी सुटी असतात?"
लिफ्ट, कारंजी, आकाशपाळणा, सगळं पाहिलं तिने,
पण पाहुण्यांचं मन राखावं तसं.

परतताना मी वरचा छोटा आरसा तिच्यावर धरून बसले.
डोंगरावरचे ठिपकेही घोडेच निघाले होते.
चाळीस. त्रेपन्न. अय्या, शिंगरू!
इल्गिझ रडकुंडीला: ताई खोटं बोलते, तिथे काहीच नाही.
त्याचे सात.

कोचकोरच्या पुढे, बऱ्याच लांब, त्याच्या बाजूला
मातीचे घुमट दिसू लागले, टोकांवर चंद्रकोरी.
मी आरशात पाहिलं. तिलाही दिसले होते.
"इल्गिझ, इकडे ये पटकन, माझ्या खिडकीशी,
पांढरा आहे बघ, तो तुला घे."
पांढराबिंढरा कुठेच नव्हता.
कुठे गं, कुठे, म्हणत तो तिच्या मांडीवर ओणवा झाला
कब्रस्तान मागे पडेपर्यंत.

मैरामबेकने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून
रिवाजाप्रमाणे चेहऱ्यावरून फिरवला.
मीही फिरवला असता,
पण पुढे कोळशाचा ट्रक होता आणि तो विचारत होता, जाऊ का?
मला नीट दिसत नव्हतं.
थांब, म्हटलं. जरा थांब.