पाठमोरा

गुडघ्यात काहीतरी तुटलं तेव्हा
मी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे होतो.
आवाज फक्त मला ऐकू आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाल, पळू नकोस.
मासोळीला सांगावं तसं :
भीज, पण पोहू नकोस.

हिवाळाभर जिन्याशी वैर.
खिळ्यांचे बूट भिंतीकडे तोंड करून.

जूनमध्ये शेजारच्या आउने आजी आल्या,
वय एकाहत्तर, तळहाताला घट्टे.
चौदा वल्ह्यांची होडी, एक जागा रिकामी.
आमचा वेइक्को गेला ना.
तुझं बूड शाबूत आहे? मग बस.

बसलो.
पहिल्या दिवशी वल्हं पाण्यात कमी,
आजींच्या पाठीत जास्त.
घरी आल्यावर चमचाही धरवेना.

होडी जाते तिकडे आमची पाठ.
दिसतं ते सुटत चाललेलं :
धक्का, सौनाचा धूर, बर्चची रांग,
त्यांच्यावरून डोकावणारा
मैदानाचा स्कोअरबोर्ड.
मंगळवारी अजून सराव असतो.

आज आजी मागे न बघताच ओरडल्या,
इल्मारी, झोपलास? ओढ!
मी पायाखालची फळी रेटली.
गुडघा बोलला. मी पुन्हा रेटली.

पुलाखालून निघालो तेव्हा
बोर्डावरचे आकडे दिसेनासे झाले होते,
किंवा मी वाचले नाहीत.