खारीक

पहिल्यांदा ती गेटखालून गेली.
चार बोटं फट. मी नंतर मोजली, गुडघे टेकून,
आणि पटेना की अख्खं कुत्रं एवढ्यातून जातं,
शेपूट, पोट, सकाळची दूधपोळी, सगळं.
बाथरूमच्या कामातून उरलेल्या तीन विटा तिथे लावल्या.

दुसऱ्यांदा मेंदीच्या मुळांशी उकरून.
तिथे ह्यांच्या मोडीत गेलेल्या स्कूटरची पाटी ठोकली,
एमएच बारा अजून वाचता येतं.

तिसऱ्यांदा दूधवाल्याच्या दोन पायांमधून.
दूधवाल्याला कशानं बुजवणार?

धनकवडीच्या उतारावरून मी
एका पायात चप्पल, एका पायात नाही, अशी
"खारीक! खारीक!" ओरडत धावले
तर भाजीची हातगाडी थांबली.
"खारीक नाही ताई, मेथी आहे. ताजी."
घेतली एक जुडी. काय करणार,
तो इतक्या आदरानं थांबला होता.

सगळ्यांकडे उपाय होते.
पासलकर म्हणाले, साखळी.
वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीबाई म्हणाल्या, नाव बदला,
खाण्याचं नाव ठेवलं की जनावर ठरत नाही घरात.
वॉचमन दिलबहादूर काहीच म्हणाला नाही,
नुसता हसला, आणि मला वाटलं
ती रोज कुठे जाते ते ह्याला माहीत आहे.

डॉक्टर रणपिसे सुई भरता भरता म्हणाले,
"मागे पळूच नका. तिला तो खेळ वाटतो.
तुम्ही पाठ फिरवा. खाली बसा.
तुमचं तिच्याकडे लक्षच नाही असं दाखवा.
येते की नाही बघा."

मी टेबलावर तिचे कान धरून उभी होते.
हात तसेच राहिले.

लग्नाच्या चौथ्या वर्षी, एका दुपारी,
दूध तापवून, त्यावर जाळी ठेवून,
एक पिशवी घेऊन मी स्वारगेटला गेले होते.
फलटणची गाडी लागलेली.
कंडक्टर दारात, "बाई, येताय का?"
मी नुसती बघत राहिले त्याच्या तिकिटांच्या पेटीकडे.
फलटण गेली. वाई गेली. महाबळेश्वर गेली, अर्धी रिकामी.
बाकावर शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत होती,
तिनं न विचारता मूठभर माझ्या पदरात टाकल्या.
मागे कोणी आलं नाही.
सहाला घरी. दुधावर साय जाड धरली होती.
कोणी काही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणतात ते बरोबर असावं.
मला ते अजूनही आवडत नाही.

तर आज चौथ्यांदा.
ती सातारा रोडच्या दुभाजकावर, कण्हेरीच्या झाडाखाली,
जीभ बाहेर, डोळ्यांत "ये ना, पकड ना".
मधून बस, डंपर, शाळेची रिक्षा.
माझा प्राण कुठे होता ते सांगता येणार नाही.
मी पाठ फिरवली.
फुटपाथच्या कडेला बसले, टायरवाल्याच्या दुकानासमोर,
आणि हातात होती ती, आजही घेतलेली, मेथीची जुडी सोडली.
काडी मोडायची, पान ओच्यात.
काडी मोडायची, पान ओच्यात.
वळायचं नाही.
टायरवाल्याचा पोरगा बघत होता
ही बाई इथे का निवडते आहे म्हणून.
एक हॉर्न फार लांब वाजला. मी वळले नाही.
पाठीला डोळे फुटतात ते हे असे.

मग कोपराला काहीतरी ओलं लागलं.

तिनं मेथी हुंगली, शिंकली,
आणि माझ्या अनवाणी पावलावर बूड टेकून बसली,
जणू मीच पळून आले होते
आणि ती मला शोधत इथवर आली.

रात्री ताटावर बसताना ह्यांनी विचारलं,
"भाजीत माती कशी लागते आज?"
"रस्त्यात निवडली."
"रस्त्यात?"
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, मला वाटलं, पुढचं विचारतील.
"बरी झालीय," म्हणाले.

गेटपाशी विटांच्या डावीकडे
नवी माती उकरलेली दिसते आहे.
उद्या बघू.
पिशवी दाराशी अडकवून ठेवली आहे,
चपलाही, दोन्ही.