चाकांवरचा चिखल

पत्र्याच्या पेट्या, शेगड्या, फाटकं.
किसुमूच्या या गल्लीत मी एवढंच करतो.
दिवसभर ठाकठूक,
आणि संध्याकाळी सरोवरावरून वारा सुटला
की डोळे धुऊन घरी.

त्या दिवशी दोघी आल्या,
आई, आणि दर गुरुवारी दवाखान्यात येणारी
व्यायामवाली नेरिमाबाई.
आईच्या पाठीवर, कापडात घट्ट बांधलेली,
तीन वर्षांची आपियो.

आमच्यात जुळ्यांतली आधी येते ती आपियो, घाईची.
मागून येते ती आदोंगो, मागे राहिलेली.
नावं बाहेर पडायच्या क्रमाने पडतात,
पुढचं कुणाला दिसतं?
मागे राहिलेली माझ्या दुकानात
कोंबड्यांमागे धावत होती
आणि घाईची
आईच्या खांद्यावरून बघत होती.
मान डुगडुगत होती,
पण नजर कोंबडीला सोडत नव्हती.

मी म्हणालो, जरा मोठी होऊ दे,
मग बघू चाकाच्या खुर्चीचं.
नेरिमाबाई सरळ माझ्या ऐरणीवर बसली.
“शहाणं झाल्यावर मूल हिंडतं,
की हिंडून शहाणं होतं?”
मी गप्प. सहा लेकरांचा बाप मी,
हे कधी बघितलंच नव्हतं.
“हिला आजवर सगळं आणून दिलंय,” ती म्हणाली.
“उगालीचा घास, खुळखुळा, बहीण.
सूर्यसुद्धा. आई वळली
की सूर्य या अंगाला.
हिने स्वतः होऊन अजून
काहीच मागे टाकलेलं नाही.”

बुडापासून गुडघ्यापर्यंत माझी एक वीत, वर चार बोटं.
मोडक्या बाळगाडीची चाकं,
माटाटूच्या काचा पुसणारी मोटर,
बोडाबोडावाल्याने टाकून दिलेली बॅटरी.
मानेजवळचा फोम तीनदा कापला.
आणि कळ?
“बोटं उघडत नाहीत, मूठच पडते,” आई म्हणाली,
पहिल्यांदाच बोलली ती.
मग पातेल्याचं झाकण घेतलं,
खाली दोन स्प्रिंगा.
मूठ कुठेही पडो, गाडी चालेल.

बसवली. पट्टा लावला.
बराच वेळ काहीच नाही.
शेजारचा चांभार हातातला बूट विसरून उभा.
मग मूठ पडली. चुकून.
गाडी टीचभर सरकली आणि थांबली.
आपियोने झाकणाकडे बघितलं.
मग चाकाकडे.
मग, देवाशपथ सांगतो, माझ्याकडे,
जसं काही मी तिच्यापासून काहीतरी लपवलं होतं.
पुन्हा मूठ.

ती कोंबडीकडे नाही गेली.
आम्ही सगळे धरून बसलो होतो, कोंबडीच.
ती आईपासून लांब गेली,
सरळ, कोळशाच्या पोत्यावर जाऊन आदळेपर्यंत.
आईचे दोन्ही हात पुढे,
नेरिमाबाईने ते हवेतच धरले.
“थांब. रडते का बघू.”
नाही रडली.
काळ्या पोत्याला नाक लावून बसली,
मान कष्टाने वळवली
आणि आई शोधली.
आई एवढीशी दिसत होती तिला तिथून, असणार.
ती हसली.
मी वेल्डिंगचा चष्मा लावला,
काम नसताना.

पैसे नव्हते, मी मागितलेही नाहीत.
पुढच्या आठवड्यात कागदात बांधून
सुकी ओमेना आली, आणि गाडी,
आस वाकलेला, एक स्प्रिंग बाहेर,
पुढच्या पत्र्याला हिरवा रंग घासलेला.
कुणाचं फाटक? विचारलं नाही.
चाकांना चिखल, लाल नव्हे, काळा,
वास मारणारा.
“असला चिखल तुमच्या आळीत कुठे आहे?”
आई चिखल नखाने खरवडत राहिली.
“काल भांडी घासत होते,” म्हणाली,
“आदोंगोही माझ्याजवळच होती.
मला नाही ठाऊक
ही कुठे जाऊन आली.”

खांद्यावरून आपियो
गाडीकडे बघत होती,
तोंड मिटून.
मी आस सरळ केला.
चिखल तसाच ठेवला.