तांबेऱ्याची वही

शिवडीच्या दफनभूमीत तेवीस चाफे.
सप्टेंबर सरता सरता त्यांच्या पानांना
खालून हळद लागते.
इग्नेशियस डाबरे, इथला माळी, म्हणतो,
"गंज हाय तो मॅडम. खाडीची हवा."
मी म्हणते तांबेरा.
वहीत दोन्ही लिहिते.

सकाळी सात. आर्द्रता ब्याण्णव.
पान उलटलं : पुटकुळ्या फुटल्यात,
पण पूड एकमेकीला धरून बसलेली,
डब्यात सादळलेल्या पिठीसाखरेसारखी.
काचपट्टीवर व्हॅसलीन, व्हॅसलीनवर
सात कण.

साडेअकरा. एकाहत्तर. गोदीकडून वारा.
आता पानाला नुसता धक्का, की नारिंगी धूर.
डाबरेचा सदरा, थडग्यांवरची नावं, माझ्या भुवया.
मोजता मोजता चारशेवर थांबते,
डोळे दुखतात.

सुटायला कोरडं हवं.
आणि जिथे पडेल तिथे रुजायला ओल,
पानावर काही तास तरी न पुसलेलं दव.
निघायचं हवामान एक, पोचायचं दुसरं.
"आमी वसई सोडली तवा असंच," डाबरे म्हणतो
आणि झारी भरायला जातो.
काय असंच, ते मी विचारत नाही.

रात्रीचं सगळं उलट.
त्यासाठी अर्ज केला, तीन सह्या घेतल्या,
कुणा डिसिल्व्हाच्या चबुतऱ्यावर सूक्ष्मदर्शक मांडला.
दोन वाजता सत्त्याण्णव. चष्म्यावर धुकं.
त्याच पानावर मेणासारखे लाल ठिपके,
त्यांतून वर आलेले वेगळेच कण.
प्रत्येकाच्या बुडाशी एक थेंब,
हवेतलीच ओल पिऊन फुगतो, फुगतो,
कणाच्या अंगाला टेकतो.
टेकला, की कण जागेवर नसतो.

परवा हवा कोरडी होती.
पहाटेपर्यंत बसलो. एकही उडाला नाही.

हे रात्रीचे कण चाफ्यावर रुजत नाहीत.
त्यांना दुसरं झाड लागतं म्हणतात,
कुठलं, ते कुणाला सापडलेलं नाही.
बॅटरी धरून अवघडलेल्या डाबरेला हे सांगितलं.
तो बराच वेळ गप्प.
"मंग सुटतात कशाला?"

वहीत रकाना आहे : कुठे.
मी लिहिलं, माहीत नाही.
कागद इतका दमट, की शाई पसरली,
आणि सकाळी त्या जागी
काहीतरी लिहिलेलं होतं
एवढंच वाचता आलं.