दोन दिवस

मात्सुएत, तळ्याकाठच्या घरात,
हिसानो कुरामित्सुनं चार वर्षं टंकल्या
एका मेलेल्या माणसाच्या गोष्टी.
भिंगाखाली धरून, रोज दीड पान.

इवामुरो गेला अडुसष्ट साली.
मागं मूल नाही, बाळ नाही,
पुस्तकं रद्दीत निघालेली.
कायदा म्हणाला होता,
लेखकामागं पन्नास वर्षं थांब,
मग शब्द ज्याचे त्याचे.
तिनं नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेभोवती
लाल गोल काढला.

तीस डिसेंबरला कायदा बदलला.
पन्नासाचे सत्तर झाले.
चुलीवरचं आधण उतरवून
बाई जराशी बसली.

त्याचा फोटो मात्र कधीचाच मोकळा,
सत्तावनच्या आत छापलेला म्हणून.
नावेत उभा, डोळे बारीक केलेले.
चेहरा कुणीही न्यावा;
तोंड उघडायची परवानगी नाही.

वारसाला तीन पत्रं धाडली,
तिन्ही परत आली,
एकावर पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलेलं,
इथं आता पार्किंग आहे.

हिसानो एकाहत्तरची.
बोटांवर मोजलं, मग मोजणं सोडलं.
शेजारच्या तेरा वर्षांच्या सोसुकेला बोलावलं,
एकोणचाळीस सालची तारीख सांगितली, पासवर्ड सांगितला
(तळ्यातल्या शिंपल्यांचं नाव, मागं तिचं जन्मसाल).

"तोवर वाचायचंही नाही?"

"वाच की. मूळ पुस्तक त्या फळीवर आहे.
हात धुऊन घे.
आणि सातव्या गोष्टीत एक अक्षर
मला अजून लागलेलं नाही,
तुला लागलं तर सांग."