विषय

खानापुरात तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल, एक बाक, कार्बनचा डबा.
मराठीत ऐकायचं, कन्नडमध्ये लिहायचं,
अर्जाला चाळीस रुपये. सव्वीस वर्षं झाली.
उताऱ्यावर नाव चुकलंय,
रेशनकार्डात मेलेली सासू अजून जिवंत आहे,
असल्या दुःखांना माझ्याकडे वाक्यं तयार असतात.
वर साहेबांचा हुद्दा, खाली विषय.
विषय हा शब्द दोन्हीकडे तोच,
नुसती अक्षरं गोल होतात.

मंगळवारी तंगेव्वा हुंदरे आल्या,
काजूच्या चिकानं करपलेली बोटं पदराखाली.
पेन्शन? चालू हाय.
घर? पत्रे नवे घातलेत.
पोरगा? हुबळीला असतो, फोन करतो.
मग तक्रार काय?
"तक्रार न्हाई. अर्ज हाय.
मला नीट जगायचंय म्हणून लिवा."

मी विषयापुढं पेन टेकवून थांबलो.
सुख लिहू?
"सुखी तर तुमच्या कचेरीतलं मांजर बी हाय."
क्षेम?
"ते पत्रात लिवतात, कुणी मेलं नसलं की."
भरभराट?
"ती दुकानाच्या क्यालेंडरावर."

मग बाकावर बसून त्या म्हणाल्या,
"अख्खा गर निघाला तर एक भाव, तुकडा पडला तर निम्मा.
तीस वर्षं सोलतेय.
आवाजावरनं कळतंय मला, कुठला फुटणार.
हे मला येतंय, ते मालकालाबी ठाव न्हाई.
आणि अजून काय काय आलं असतं,
ते मलाच ठाव न्हाई.
त्याचा लिवा."

त्याचं खातं कुठलं?
पाणीपुरवठा नाही, महसूल नाही,
महिला आणि बालकल्याणात बाई बसते
पण बालकाला घेऊन.
मी विचारलं, नेमकं मागायचं काय?

"एक खोली. दिवा असलेली. सात ते नऊ.
भजनाला नको, बचत गटाला नको, शिवणाला नको.
भांडायला पायजे.
घरात भांडलं की भांडण होतंय,
तितं भांडलं की इचार होईल."

पाटी कुठल्या भाषेत, यावर
या भागानं मोर्चे पाहिले, लाठ्या पाहिल्या.
माझ्या चुलत्याच्या गुडघ्यात अजून त्यातली एक दुखते.
पण पाटीमागच्या खोलीत कोण बसणार,
बसून काय बोलणार,
हे मी एकाही अर्जात लिहिल्याचं आठवत नाही.
पाटीसाठी भांडणं चूक म्हणत नाही मी.
नाव पुसलेल्या घरात कुणाला झोप लागते?
पण नाव लागलं म्हणजे माणूस आत राहायला आला,
असं आम्ही धरून चाललो.

विषय कोरा ठेवता येत नाही.
शेवटी लिहिलं: खोलीबाबत.
चाळीस रुपये घेतले. त्यांनी घ्यायलाच लावले.
आवक खिडकीतल्या पोरानं वाचलं, पुन्हा वाचलं,
आणि शिक्का मारला इतरे.
हाही शब्द दोन्हीकडे जवळजवळ तोच.
जगण्यातलं जे जे कुठल्याच खात्यात बसत नाही
ते गोल अक्षरांत तिथं पडून असतं.

पुढच्या मंगळवारी त्या पोच विचारायला आल्या.
सोबत हसीना नदाफ, आणि एक गप्प पोरगी.
त्याच्या पुढच्याला पाच जणी.
मी टेबल आवरायचो तेव्हा त्या बाकावर सरकून बसायच्या,
दिवा नाही, रस्त्यावरचा होता तेवढा.
मजुरी वजनावर की तासावर, इथून सुरू व्हायचं,
मध्येच देव आहे का, मध्येच मुलीचं शिक्षण,
एक कन्नडमध्ये अडवायची, दुसरी मराठीत तोडायची.
हौद री, न्हाई, हौद री.
मी दुरुस्ती करायचं टाळलं.
चौथ्या आठवड्यात ती गप्प पोरगी
सगळ्यांच्या विरुद्ध बोलली
आणि तंगेव्वांनी पानाची चंची तिच्यापुढं सरकवली.

काल कचेरीचं पत्र आलं.
अर्जाचा विषय स्पष्ट नाही,
आठ दिवसांत खुलासा करावा.

खुलासा लिहायला घेतला होता.
पण सात वाजले,
आणि बाकावर बोलायची पाळी
माझी होती.